तिकोनी इंजिनाचं वऱ्हाड

ए, ऐक ना. हातातला फोन ठेव आणि आधी हे ऐक. आत्ताच घडलंय, अजून गरम आहे. म्हणजे तसं कधीचंही असेल, कारण गोष्ट जंगलातली आहे आणि जंगलात कॅलेंडर नसतं. पण ताजी आहे. मांडी घाल, शहाण्या बाळासारखं बस आणि मध्येमध्ये 'मग?' म्हण. नाही म्हटलंस तरी मी सांगणारच आहे.

तर एका जंगलात, जिथे प्रत्येक प्राण्याला जन्मतःच चार पाय फुकट मिळायचे, तिथे सगळ्यांना गाड्यांचं वेड लागलं होतं.

गाडीने कुठे जायचं वेड, असं समजू नकोस. जायचं असलं की सगळे पायीच जायचे. गाडी असायची ती बघायला. दर रविवारी सकाळी जांभळाच्या झाडाखाली सगळे आपापल्या गाड्या आणायचे, बॉनेट उघडायचे आणि आत वाकून हुंगायचे. मग कुणीतरी 'हं' म्हणायचं. त्यावर दुसरा 'हं हं' म्हणायचा. आणि तिथून दुपारपर्यंत भांडण.

या मंडळींत एक साळिंदर होता. नाव दिगंबर, पण सगळे म्हणायचे दिगू. दिगूकडे गाडी नव्हती. ज्ञान होतं. कुणाच्याही गाडीचा आवाज ऐकून तो तिच्यात काय बिघडलंय ते सांगायचा, आणि मालकाने विचारलं नसलं तरी सांगायचा.

त्याचा जीव होता रोटरी इंजिनावर.

आता रोटरी म्हणजे काय, ते नीट ऐक, म्हणजे पुढे मला विचारत बसणार नाहीस. साध्या इंजिनात पिस्टन असतो. तो नळकांड्यात वर-खाली, वर-खाली करतो, उखळात मुसळ चालतं तसा. रोटरीत वर-खाली काही नाही. एका फुगीर डब्यात एक तिकोनी तुकडा गरगर फिरतो, जात्याचा वरचा दगड फिरतो तसा. संपलं. एवढंच आहे.

पण एवढ्यावर जंगलात दोन तट पडले होते. एक मुसळवाले, एक जातंवाले. भावाभावांनी बोलणं टाकलं होतं. एका खारीने ठरलेली सोयरीक मोडली होती, कारण मुलाकडचे मुसळवाले निघाले. आणि गंमत म्हणजे त्या खारीच्या घरी सायकलसुद्धा नव्हती.

दिगू जातंवाल्यांचा पुढारी. तो बोलायला लागला की ऐकत राहावं. आणि बघतही राहावं, कारण साळिंदराचं एक असतं. मुद्दा तापला की अंगावरचे काटे उभे राहतात. शांत झालं की आपोआप आडवे पडतात. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तर या दिगूचं लग्न ठरलं.

मुलगी वैजयंती, म्हणजे वैजू. ओढ्यापलीकडच्या करवंदीच्या गावची साळिंदर. पहिल्या भेटीत दिगू तिच्याशी त्या तिकोनी तुकड्याबद्दल एवढा बोलला, एवढा बोलला, की समोरची करवंदं खायची राहून गेली. ती सगळी वैजूने खाल्ली. घरी जाऊन आईला म्हणाली, मुलगा चांगला आहे, ताटातलं मागत नाही.

दिगूचाही तिच्यावर जीव बसला होता. खरंच बसला होता. झोपेत तो आता फक्त इंजिनाचंच नाव घ्यायचा नाही, अधूनमधून वैजूचंही घ्यायचा. त्याची आई म्हणायची, पोरगं सुधारतंय.

मुहूर्त काढला धनेश गुरुजींनी. धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी. एवढी मोठी चोच असली की माणूस आपोआप अधिकाराने बोलायला लागतो. गुरुजी म्हणाले, सूर्य डोक्यावर आला की अक्षता पडल्या पाहिजेत. सावली पायाखाली येते तो क्षण. तो चुकला तर चातुर्मास लागला, मग तुळशीचं लग्न होईपर्यंत कुणाचंच लग्न नाही.

आणि इथे मामा आले.

वैजूचे मामा म्हणजे रानडुक्कर. साळिंदराच्या मुलीचे मामा रानडुक्कर कसे, ते विचारू नकोस. मानलेले मामा. मामा कट्टर मुसळवाले. त्यांच्याकडे डिझेलची जीप होती, आणि ती चालू झाली की गावातल्या म्हशी आटायच्या, असं लोक म्हणायचे. मामांना दिगू पसंत नव्हता. पण त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त सोय करून ठेवली.

मामांचा स्वभाव असा, की कुठेही निघायचं तर स्टेपनी हवी. जीपला स्टेपनी, छत्रीला स्टेपनी, चपलेला स्टेपनी. तसा त्यांनी लग्नालाही एक जादा नवरदेव आणून ठेवला. खालच्या आळीतला शांताराम साळिंदर. त्याला फेटा बांधून, हळद लावून, मांडवामागे बसवलं होतं आणि वरून धूळ बसू नये म्हणून पंचा झाकला होता. शांताराम पंच्याखाली भुईमुगाच्या शेंगा खात होता.

ही बातमी दिगूपर्यंत पोचली. त्याचे काटे तिथल्या तिथे उभे राहिले. आई म्हणाली, अरे मग सोपं आहे, सकाळीच चालत निघू. ओढा ओलांडला की करवंदीचं गाव, नाश्त्याला पोचू.

पण नवरदेवाने चालत जायचं? आणि तेही मामांच्या दारात? दिगूने ठरवलं, जायचं तर सनीच्या गाडीतून.

सनी म्हणजे खोकड. कोल्ह्याचा धाकटा भाऊ म्हण हवं तर. आणि त्याची गाडी म्हणजे, काय सांगू तुला. मूळची ती त्याच्या वडिलांची साधी, सोज्वळ, भाजी आणायची गाडी. सनीने आधी तिचं जुनं इंजिन काढलं आणि समुद्रापलीकडच्या जंगलातून आणलेलं रोटरी बसवलं. मग तो थांबलाच नाही. मागे एवढा मोठा पंख लावला की त्याची आई त्यावर पापड वाळत घालायची. सायलेन्सरचं तोंड एवढं रुंद, की मुंगसाचं एक कुटुंब येऊन जागा भाड्याने आहे का विचारून गेलं. वजन कमी व्हावं म्हणून मागची सीट काढली. मग गाडी फार हलकी वाटते म्हणून त्याच जागी लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. दारावर वाघाचे पंजे रंगवले, त्यावर खऱ्या वाघाने हरकत घेतली होती.

आणि मुख्य म्हणजे त्याने गाडी खाली बसवली होती. एवढी खाली, की मुंगीला तिच्याखालून जायचं तर मान वाकवावी लागायची.

जांभळाखाली ती गाडी आली की मुसळवालेसुद्धा गप्प व्हायचे. एक म्हातारा गवा तर दर वेळी तिच्याकडे बघून डोळे पुसायचा. ती गाडी कधी कुठे गेली होती का, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. ती यायची. एवढं पुरे होतं.

लग्नाच्या दिवशी सनीने दिगूला शेजारच्या सीटवर बसवलं. ती शर्यतीची सीट, दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी, आत जाडजूड स्पंज. वरून चार पट्ट्यांचा बेल्ट. मुंडावळ्या बेल्टमध्ये अडकल्या, त्या सनीने हळुवार सोडवल्या. मग किल्ली फिरवली.

ब्रॅप. ब्रॅप. ब्रॅप. ब्रॅप.

दिगूच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर ज्याच्यावर तो बोलत आला होता, त्या इंजिनामागे तो पहिल्यांदाच बसला होता. त्याचे काटे आनंदाने थोडे उभे राहिले आणि स्पंजात थोडे रुतले. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

वाट सपाट होती. वऱ्हाड गाडीच्या पुढे चालत होतं. मागे राहिलं असतं, पण गाडीला जास्त वेग घेता येत नव्हता. दगड आला की सनी थांबायचा, उतरायचा, दगड उचलून बाजूला ठेवायचा, परत बसायचा. त्यामुळे जांभळापासून ओढ्यापर्यंतची वाट त्या दिवशी जेवढी स्वच्छ झाली, तेवढी कधी झाली नव्हती. ऊन चढत होतं, पण मुहूर्ताला अवकाश होता.

आणि मग ओढ्यावरचा सपाट पूल ओलांडला आणि करवंदीच्या गावाची शीव आली. शिवेवर गतिरोधक होता.

गावाने तो सशांमुळे घातला होता. ससे फार जोरात जायचे. आणि आपल्याकडे घालतात तसाच घातला होता, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं कुणाची तरी समाधी आहे. सनीने गाडी थांबवली. खाली उतरून त्याने गतिरोधकाकडे बघितलं, गाडीच्या पोटाकडे बघितलं, आणि टोपी काढली.

गतिरोधकाच्या पलीकडे वैजूची आई कमळाक्का उभी होती. हातात ताम्हण, शेजारी पाण्याचा तांब्या. त्या गावची रीत अशी, की नवरदेवाने वाहनातून शिवेच्या आत यायचं, तिथे सासूने त्याचे पाय धुवायचे आणि मगच त्याने जमिनीला पाय लावायचा. आधी लावला तर अपशकुन. आणि सासूने पाय धुवायला शिवेच्या बाहेर यायचं नाही. आली तर मुलीकडच्यांनी हाव दाखवली असं होतं.

म्हणजे बघ. गाडी आत येईना. सासू बाहेर येईना. नवरदेव खाली उतरेना. मध्ये गतिरोधक.

सनीने गाडी तिरपी घालून पाहिली. खालून असा आवाज आला की सनीने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मग फळ्या आणल्या. फळ्या मोडल्या. वऱ्हाडातला गवा म्हणाला, मी उचलून पलीकडे ठेवतो, एका श्वासाचं काम आहे. सनी त्याच्या आडवा पडला. म्हणाला, काका, हात लावू नका, तिचा रंग अजून कोवळा आहे.

"मग इंजिन तरी बंद कर," कमळाक्का म्हणाली. "माझं मलाच ऐकू येईना."

सनीने तिला समजावलं की हे इंजिन नीट गरम झाल्याशिवाय बंद करायचं नसतं, आणि दगड उचलत रांगत आल्यामुळे ते अजून गरमच झालेलं नाही. केलं तर ते पेट्रोल गिळून बसतं आणि मग दिवसभर उठत नाही. कमळाक्का म्हणाली, आमच्या ह्यांचंही तसंच होतं.

ब्रॅप. ब्रॅप. ब्रॅप.

आवाज ऐकून अख्खं गाव शिवेवर आलं. मांडवातली मंडळी आली. वाढपी आले, त्यांच्या हातात कढईतले झारे तसेच. बेडकांचा बँड आला. आणि सगळे गाडीकडे बघत उभे राहिले. कुणी पंखाला हात लावून बघितला. कुणी सायलेन्सरमध्ये डोकं घालून 'ओ' म्हणून पाहिलं. गाडी हलत नव्हती, पण त्याबद्दल कुणी काही म्हणत नव्हतं. बँडमधल्या एका बेडकाने इंजिनाचा ठेका पकडला, आणि बघता बघता सगळा बँड त्या ब्रॅप-ब्रॅपच्या साथीला वाजायला लागला.

दिगू आत बसून सुखात होता. लग्न होणार हे एक सुख, आणि लोक बघतायत हे दुसरं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मामा आले. त्यांनी आधी वाकून गाडीखाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बॉनेट उघडून आत बघितलं. मग खिडकीशी येऊन, अगदी गोड आवाजात म्हणाले, "जावईबापू, इंजिन कुठाय हो? मला नुसता डबा दिसतोय."

दिगूचे काटे उभे राहिले. सरळ स्पंजात गेले.

दिगूने शांतपणे सांगितलं, मामा, तोच तो डबा. त्याच्या आत तिकोनी तुकडा फिरतो. मामा म्हणाले, फिरेना का बापडा, पण जोर कुठाय त्याच्यात? जोर वर-खालीत असतो. मुसळ उचलून आपटावं तेव्हा कांडलं जातं. नुसतं गोल फिरून काय होतंय? मग सगळ्या गावाकडे वळून म्हणाले, "बघा मंडळी, जोर नाही म्हणून गाडी गतिरोधक चढेना."

आता इथे तुला एक सांगतो. दिगूचं बरोबर होतं. गाडी अडली होती ती खाली बसवल्यामुळे, पोट टेकत होतं म्हणून. त्या जागी हत्तीचं इंजिन बसवलं असतं तरी ती तिथेच अडली असती. जोराचा काही संबंध नव्हता. हे दिगूला माहीत होतं, सनीला माहीत होतं. आणि जगात यापेक्षा वाईट काही नसतं, की आपलं बरोबर आहे आणि समोरचा चारचौघांत चुकीचं बोलतोय.

दिगू बोलायला लागला. खिडकीतून डोकं काढून बोलायला लागला. जोर आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्याने तीन प्रकारे सांगितलं. मामांनी दर वेळी मान हलवून ऐकलं आणि दर वेळी म्हणाले, "पण चढेना, हे तर खरं ना?"

करवंदीवाले हसले. जांभळाकडचे जातंवाले पुढे सरसावले. गावातले मुसळवाले पुढे सरसावले. तेलाचा विषय निघाला, की रोटरी तेल पिते. त्यावर जातंवाले म्हणाले, पिते तर पिते, तुमच्या मामांसारखी चोरून तरी पीत नाही. मामांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग बायका पडल्या मध्ये, आणि विषय हळदीवर गेला. कसा गेला बघ. नवरीकडच्या मावशीने विचारलं, तुमच्याकडे लग्नाची हळद कशी करतात? वरमाय म्हणाली, दळतात, जात्यावर. मावशीने हनुवटीला बोट लावलं. आमच्यात कांडतात, म्हणाली, उखळात. दळलेल्या हळदीने रंगच येत नाही, म्हणून तर नवरदेव असा फिका दिसतोय. झालं. आता इंजिनाचा वाद खानदानाचा झाला. इकडून हळकुंड, तिकडून हळकुंड. एक झारा हवेतून गेला.

या सगळ्यात गुरुजी तेवढे एका फांदीवर बसून जमिनीकडे बघत होते. सावल्या आखडत चालल्या होत्या. मघाशी गाडीचा पंख आपली सावली सनीच्या पायांवर टाकत होता. आता ती डिकीवर चढून बसली होती.

दिगूलाही ते दिसलं. त्याला शांताराम आठवला, पंचा आठवला. त्याने मनाशी ठरवलं, गेली ती रीत खड्ड्यात, उतरायचं आणि पळत सुटायचं. त्याने बेल्ट काढला. उठायला गेला.

उठता येईना.

काटे स्पंजात आरपार रुतले होते. त्याने जोर लावला, तर सगळी सीट त्याच्याबरोबर कुरकुरली. सनी किंचाळला, दिग्या, फाडू नकोस, ती बाहेरून मागवलेली आहे. गवा म्हणाला, मी सीटसकट उचलतो. सनी पुन्हा आडवा पडला.

आणि त्याच वेळी वैजू आली.

शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली, हातात हार. मांडवात बसून बसून ती कंटाळली होती. ती सरळ आईच्या बाजूने गेली, गतिरोधक ओलांडला, शीव ओलांडली. कमळाक्काच्या हातातलं ताम्हण खाली पडलं. आजवर त्या गावची एकही नवरी असं करून आली नव्हती. हळकुंडं हातातल्या हातात राहिली. बँडही थांबला. एकटं इंजिन तेवढं बोलत होतं.

वैजू खिडकीशी आली. आत बघितलं. मागे जिथे सीट असायला हवी तिथे लोखंडी पिंजरा होता.

"जाताना मी कुठे बसणार होते?" तिने विचारलं.

दिगूने मागे वळून पाहिलं. हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

"असू दे," वैजू म्हणाली. "मी चालेन. तूही चाल. उतर."

"काटे अडकलेत गं."

ती हसली. साळिंदराला ती काय नवलाई. म्हणाली, अरे वेड्या, डोळे मिट. श्वास सोड. डोक्यातलं सगळं सोडून दे. काटे आडवे पडतील आणि अलगद सुटशील. लहानपणी मीसुद्धा गादीत अडकायचे.

दिगूने डोळे मिटले. श्वास सोडला. आणि खरंच, मानेजवळचे काटे हळूहळू खाली यायला लागले. मग खांद्यावरचे. मग पाठीवरचे. एकेक काटा स्पंजातून सुळसुळत बाहेर येत होता. वैजूने त्याचा हात धरला होता. तिच्या हाताला ओल्या हळदीचा वास होता, कांडलेल्या. शेवटचे चार-दोन काटे उरले होते.

मामा हळूच वाकले आणि दिगूच्या कानाशी म्हणाले, "उतरा, उतरा जावईबापू. चालत या. म्हणजे जोर नव्हता हे सगळ्यांना कळेलच."

सटासट.

सगळे काटे उभे. मानेपासून शेपटीपर्यंत. सीटच्या मागून टोकं बाहेर आली.

"दिगू," वैजू म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तुझं बरोबर आहे. गाडीचं पोट टेकतंय म्हणून ती अडलीय. आंधळ्यालाही दिसेल. मला कळलंय. चल आता."

"तुला कळलंय गं," दिगू म्हणाला. "त्यांना कळलेलं नाही."

वैजूने वर सूर्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. त्याचा हात तिने अजून सोडला नव्हता.

"एकच मिनिट," दिगू म्हणाला. "एवढा मुद्दा संपवतो आणि आलोच."

तिने हात सोडला. हार हातात होताच. ती गतिरोधक ओलांडून परत गेली. जाताना मागे बघेल असं वाटलं होतं मला, पण नाही बघितलं. मांडवामागे जाऊन तिने शांतारामच्या डोक्यावरचा पंचा काढला आणि विचारलं, तुला गाड्यांतलं काय कळतं?

शांतारामने तोंडातली शेंग आधी गिळली. "काही नाही," म्हणाला.

"उठ," वैजू म्हणाली.

इकडे शिवेवर दिगू रंगात आला होता. इतका चांगला तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. त्याने मुसळाचं उदाहरण घेतलं आणि मुसळवाल्यांवरच उलटवलं. एका दमात त्याने हवा, पेट्रोल, ठिणगी आणि धूर सगळं त्या तिकोनी तुकड्याच्या तीन बाजूंवर बसवून दाखवलं. म्हातारा गवा रडत होता. गर्दी हळूहळू पातळ होत होती, एकेक जण मांडवाकडे सरकत होता, पण मामा समोर होते, आणि मामा ऐकत होते. मांडवातून मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींनी 'सावधान' म्हटलं. ते गाडीपर्यंत आलंसुद्धा.

ब्रॅप. ब्रॅप. ब्रॅप.

अक्षता पडल्या तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर होता. गाडीच्या पंखाची सावली बरोबर पंखाखाली होती. मामांनी मांडवाच्या दिशेने एकदा बघितलं, खात्री करून घेतली, आणि दोन्ही हात जोडले.

"दिगंबरराव," ते म्हणाले. "तुमचं बरोबर आहे. इंजिनात जोर भरपूर आहे. गाडी खाली टेकते म्हणून अडली."

दिगू थबकला. "म्हणजे, मानलंत?"

"मानलं म्हणजे काय. मी आलो तेव्हा वाकून बघितलं ना, तेव्हाच दिसलं होतं. पण स्टेपनी आणून ठेवली होती. वाया गेली असती."

दिगूने त्यांच्याकडे बघितलं. मग मांडवाकडे. तिथून वाजंत्री ऐकू येत होती. मग पुन्हा मामांकडे.

"हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगाल?" त्याने विचारलं.

मामा मोठ्या मनाचे. त्यांनी पंगतीत उभं राहून सांगितलं. जातंवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मुसळवाल्यांनीही वाजवल्या, कारण जिलेबी चांगली झाली होती. आणि शिवेवर, गाडीत, दिगूचे सगळे काटे एकदम आडवे पडले. काही करावं लागलं नाही. तो अलगद सुटला, दार उघडलं आणि खाली उतरला.

कमळाक्का मांडवातून तांब्या घेऊन पुन्हा गतिरोधकाशी आली होती. दिगूने सवयीने एक पाय पुढे केला.

"हात," कमळाक्का म्हणाली. "हात पुढे करा. पंगत बसलीय."

त्याने हात धुतले. पंगतीत बसला. वाढायला नवं जोडपं फिरत होतं. शांताराम जिलेबी वाढायला वाकला आणि लाजत लाजत विचारता झाला, की जेवण झालं की त्या गाडीजवळ एक फोटो काढला तर चालेल का. दिगू म्हणाला, चालेल की. वैजूने त्याच्या पानात मठ्ठ्याची वाटी ठेवली. ती फक्त म्हणाली, "इंजिन छान आहे," आणि पुढच्या पानाकडे गेली.

दिगूने शेजारी बसलेल्या सनीला कोपर मारलं.

"ऐकलंस?" म्हणाला. "तिनेही मानलं."

संध्याकाळी गाडी घरी निघाली. ती शिवेवर वळेना, चाकं फार रुंद होती. म्हणून सनीने ती जांभळापर्यंत उलटीच नेली. वाटभर दिगू सांगत होता, की रोटरी उलटी चालवण्यातही एक वेगळी मजा आहे.

तात्पर्य: लग्नाचं एवढं काही नाही, तुळशीचं लग्न झालं की पुन्हा मुहूर्त निघतात. पण समोरच्याने सगळ्यांसमोर 'तुमचं बरोबर आहे' म्हणावं, असा मुहूर्त जन्मात एकदाच येतो, तो कुणी चुकवू नये.

आता खरं सांग. मी विचारतोय म्हणून नाही, मनापासून सांग. वैजूने हात धरलाय, चार-दोनच काटे उरलेत, आणि मामा कानाशी येऊन तसं बोललेत. तुझं बरोबर आहे, हे तुला पक्कं माहितीय. तू उतरला असतास?